न झाडलेली गोळी

“रिकामं आहे हो, बिनधास्त बघा.”

माझ्या धंद्यात हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा कुणाचा नमस्कारही ऐकला नसेल. इंदूरच्या मल्हारगंजात आमचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. वडिलांनी सुरू केलं, मी चालवलं, आणि आता माझ्याबरोबरच संपल्यात जमा आहे. मुलगा पुण्याला कंप्युटरवर बसतो. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

लोकांना वाटतं, बंदुकीच्या धंद्यातला माणूस म्हणजे मिशीवाला आणि तापट. आमचं काम सायकल दुरुस्तीच्या जवळचं. स्प्रिंग तुटली, बदला. गंज चढला, घासा. फरक एवढाच, की आमच्याकडे आलेली वस्तू कधीमधी बोलून जाते. त्यामुळे हातात काहीही आलं की पहिलं काम एकच: नळीचं तोंड भिंतीकडे करायचं आणि उघडून बघायचं. समोरचा कोण आहे, काय सांगतोय, ते नंतर.

देपालपूरचा एक शेतकरी नीलगाई हाकलायची जुनी ठासणीची बंदूक घेऊन आला होता. “खाली है भिया, बापूजी गए तब से किसी ने छुई नहीं.” बापूजी गेले होते, पण जाण्यापूर्वी तिच्यात बार ठासून गेले होते. मी नळीत गज घातला तर तो वीतभर बाहेरच राहिला. मी त्याला ते दाखवलं, तेव्हा तो मटकन बाकावर बसला. तीच बंदूक खांद्याला टेकवून, स्कूटरवरून, सगळा बाजार ओलांडून आला होता बिचारा.

अशा गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला एकच आठवली, आणि ती मी आजवर पूर्ण कुणाला सांगितलेली नाही.

ती सुरू झाली मुजुमदारांमुळे. मुजुमदार दातांचे डॉक्टर होते, आता प्रॅक्टिस बंद केली आहे. त्यांना नाद होता जुन्या जपानी फौजी पिस्तुलांचा. दुसरं काही नाही, फक्त जपानी, फक्त महायुद्धातली, आणि तीही नव्यासारखी राहिलेली. अशी पिस्तुलं आपल्याकडे आली ती ब्रह्मदेशात लढून परतलेल्या फौजींबरोबर. कुणी ट्रंकेत ठेवली, कुणी देव्हाऱ्यामागे. परवाना घेऊन ठेवलेली थोडी, आणि नीट जपलेली तर फारच थोडी. आपल्याकडचा पावसाळा पोलादाला सोडत नाही. मुजुमदार पिस्तुल हातात घेऊन आधी त्याची निळाई बघायचे, म्हणजे पोलादावर चढवलेला निळसर काळा थर. मग सगळ्या सुट्या भागांवरचे आकडे जुळतात का ते बघायचे. शेवटी अंगावर कोरलेलं साल. जपानी लोक राजाच्या कारकिर्दीप्रमाणे साल मोजतात, ते मुजुमदारांनीच मला शिकवलं. लढाईच्या सुरुवातीची पिस्तुलं आरशासारखी घासलेली असतात, अखेरच्या दिवसांतल्यांवर कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. “वसंतराव, देश हरत चाललाय हे या ओरखड्यांवरून वाचता येतं,” असं ते म्हणायचे.

कायद्याने एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, त्याची दोन झाली. मुजुमदारांनी तिसरं जड मनाने जमा केलं. पुढे दुसरंही एक विकलं, कारण त्यांना त्या जागी हवं होतं एक विशिष्ट पिस्तुल. त्याला चौऱ्याण्णव नंबरचा नमुना म्हणतात. आखूड मूठ, वर जड डोकं, दिसायला अगदीच बेंगरूळ. आणि त्यात एक घातकी खोड आहे. डाव्या बाजूला बाहेरून एक चपटी पोलादी पट्टी असते. गोळी भरलेली असेल आणि आतला घोडा चढलेला असेल, तर चापाला हात न लावताही, नुसती ती पट्टी बोटाने दाबली तरी गोळी सुटते. मुजुमदार हे इतक्या कौतुकाने सांगायचे, की जणू घरातल्या वांड पोराच्या खोड्या सांगताहेत.

एक दिवस दुपारी त्यांचा फोन आला. “वसंतराव, मिळालं. आपल्या इंदूरमध्येच. स्नेहलतागंजात. तुम्ही आत्ता या.”

घर होतं सुभेदार मोघ्यांचं. मोघे, घरातले त्यांना नाना म्हणत, ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. नव्वदी ओलांडून काही महिन्यांपूर्वीच गेले होते. परवाना त्यांच्या नावावर. त्यांचा मुलगा श्रीकांत, बँकेतून रिटायर झालेला, सत्तरीला आलेला शांत माणूस. त्याला पिस्तुल नको होतं. रीतसर माझ्याकडे तपासून, मग विक्रेत्याकडे जमा करून, मुजुमदारांच्या परवान्यावर चढवायचं असं ठरत होतं.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. समोर पोहे आले, त्यावर इंदुरी रिवाजाप्रमाणे पोह्यांपेक्षा शेव जास्त. खिडकीपाशी आरामखुर्चीत नानांच्या पत्नी बसल्या होत्या, माई. नव्वदीच्या पुढच्या. नजर जवळजवळ गेलेली, पण कान शाबूत.

मी हात धुऊन आलो तोवर मुजुमदारांनी चामडी खोळ उघडून पिस्तुल बाहेर काढलंही होतं. मी आजवर इतकं जपलेलं जपानी पिस्तुल पाहिलं नव्हतं. निळाई जशीच्या तशी. मुठीची लाकडी फळी बोटांनी झिजलेली नाही. मुजुमदार ते दिव्याखाली वळवत होते. बोलत माझ्याकडे होते, त्यामुळे नळीही माझ्याकडेच.

“नाना दर दसऱ्याला तेल देत,” श्रीकांतजी म्हणाले. “पूजा मात्र खोळीची. हळदकुंकू पोलादाला लागू द्यायचे नाहीत.”

“मॅगझीन?” मी विचारलं. मॅगझीन म्हणजे मुठीत सरकवतात ती गोळ्यांची पेटी.

“ते नव्हतंच कधी. नानांनी तिकडेच फेकून दिलं म्हणे. त्यामुळे रिकामंच आहे ते. इलेक्शनला ठाण्यात जमा करायचे ते स्वतः, कापडात शिवून, वर लाख लावून. परत आणायचे तेही तसंच.”

मी मुजुमदारांच्या हातून ते घेतलं, तोंड भिंतीकडे केलं आणि मागचा खटका अगदी थोडा मागे ओढला. आतलं सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं ग्रीस घट्ट होऊन बसलं होतं, फार जड चाललं. फटीतून पिवळं काहीतरी चमकलं.

मी खटका तसाच सावकाश पुढे सोडला. पिस्तुल तसंच भिंतीकडे धरून ठेवलं.

“काय झालं?” श्रीकांतजींनी विचारलं.

“आत गोळी आहे,” मी म्हटलं.

मुजुमदार हसले. मग त्यांनी माझा चेहरा बघितला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. ते पिस्तुल त्यांनी कसं धरलं होतं ते मला आठवत होतं, आणि त्यांनाही आठवलं. त्यांची बोटं त्या डाव्या बाजूच्या पट्टीवर होती. ज्या खोडीवर त्यांनी मला इतकी व्याख्यानं दिली होती, तिच्यावरच बोटं ठेवून ते माझ्या छातीकडे नळी करून निळाई बघत होते. ते खाली बसले. “मला पाणी द्या,” एवढंच म्हणाले.

पण श्रीकांतजी आमच्याकडे बघतच नव्हते. ते भिंतीवरच्या एका फोटोकडे बघत होते. मीही वळून बघितलं. जुना, मोठा करून लावलेला फोटो. नाना खुर्चीत बसलेले, फौजी कोट घातलेला, हात जोडलेले, डोळे मिटलेले. समोर पाटावर उभा असलेला चार-पाच वर्षांचा मुलगा. मुलाच्या दोन्ही हातांत हेच पिस्तुल, आणि नळीचं तोंड नानांच्या कपाळाला टेकलेलं. मागे सगळे हसताहेत.

“तो मी आहे,” श्रीकांतजी म्हणाले. “दर दसऱ्याला हे असं करायचे. घरातल्या सगळ्यात लहान मुलाने पिस्तुल नानांच्या कपाळाला टेकवायचं आणि चाप ओढायचा. चाप हलायचा नाही. मग नाना तोंडाने ‘ठो’ म्हणायचे आणि पेढे वाटायचे. माझ्यानंतर धाकट्या भावाने केलं. मग माझ्या मुलाने. मग माझ्या नातीने. नात गेल्या दसऱ्याला...”

 

मी त्यांना समजावलं, की मॅगझीन काढलेलं असलं की या नमुन्याचा चाप आतून अडतो, म्हणून तो हलत नव्हता. एवढं सांगून थांबायला हवं होतं. पण मुजुमदार अजून भानावर आले नव्हते. ते म्हणाले, “चाप अडतो, पट्टी अडत नाही. पोराचं एक बोट जरी बाजूला दाबलं गेलं असतं...”

श्रीकांतजी उठले आणि बाथरूममध्ये गेले. तोंडावर पाणी मारून ते बाहेर येत होते.

आणि मग खिडकीपाशी बसलेल्या माई बोलल्या. “गोळी आहे ते मला ठाऊक होतं.”

श्रीकांतजी दारातच थबकले. “आई, काय म्हणतेस?”

“लग्न झाल्यावर लगेच यांनी सांगितलं होतं मला. कुणाला सांगू नकोस म्हणाले. चाप चालत नाही, धोका नाही, हेही म्हणाले. मी फौजी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या पट्टीचं त्यांना माहीत नसावं.”

“पण गोळी ठेवलीच का?”

माईंनी सांगितलं ते असं. लढाई संपत आली होती, जपानी माघार घेत होते. नाना एकटेच पाण्याच्या शोधात एका ओस पडलेल्या झोपडीत शिरले. आत एक जपानी अंमलदार बसलेला. अंमलदार कसला, विशीचं पोर, उपासाने नुसता हाडांचा सापळा. त्याने पिस्तुल उचललं आणि नानांच्या कपाळाला टेकवलं. नानांची रायफल खांद्यावर, ती काढायला वेळ नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर त्याने पिस्तुल खाली केलेलं, आणि तो रडत होता. नानांनी आपल्या बाटलीत तळाला उरलेलं पाणी त्याला पाजलं. त्याने पिस्तुल आपण होऊन त्यांच्या हातात दिलं. नानांनी त्याला पाठीवर घालून आपल्या तळावर नेलं. पुढे तो जगला की नाही, ते कधी कळलं नाही.

“मॅगझीन त्यांनी तिथेच झाडीत टाकलं,” माई म्हणाल्या. “पण आतली ती एक गोळी काढायची नाही असं ठरवलं. म्हणायचे, ही माझ्या नावाची होती, त्याने झाडली नाही. दसऱ्याला कपाळाला लावायचे ते त्यासाठी. त्याला नमस्कार असायचा तो.”

मुजुमदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र पिस्तुलाकडे बघत होतो. कारण गोष्ट कितीही मोठी असली तरी ती गोळी आता बाहेर काढायची होती, आणि ते काम माझं होतं.

मी गच्चीवर गेलो. कढीलिंबाची मोठी कुंडी होती, तिच्या मातीकडे नळीचं तोंड केलं. बाकीच्यांना खाली थांबायला सांगितलं होतं, पण श्रीकांतजी जिन्याच्या दारात येऊन उभे राहिले. जा म्हटलं तरी गेले नाहीत. अशा वेळी बोटं कुठे नाहीत हेच बघायचं असतं. पट्टीपासून लांब, चापापासून लांब. ग्रीसमुळे आतला घोडा चढलेला आहे की उतरलेला, हे हाताला कळत नव्हतं. मी खटका ओढला. अर्ध्यावर आल्यावर स्प्रिंग दाबली गेल्याचं कळलं, आणि घोडा चढल्याचा आवाज आला. म्हणजे इतकी वर्षं तो उतरलेला होता. मी चक्रावलो, कारण भरलेल्या पिस्तुलाचा घोडा आपोआप उतरत नाही. गोळी बाहेर उडून मातीत पडली.

मी ती उचलली, पुसली आणि उलटी करून बघितली.

बंदुकीची गोळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोळीच्या बुडाला मधोमध एक छोटी गोल टोपी असते. चाप ओढला की घोडा पडतो, त्याच्यापुढची सुई त्या टोपीवर आदळते, टोपी पेटते आणि बार उडतो. न वापरलेल्या गोळीची टोपी गुळगुळीत असते. या टोपीवर मधोमध, स्वच्छ, खोल खड्डा होता.

मी ती गोळी उन्हात धरून पुन्हापुन्हा बघितली. शंकेला जागा नव्हती. चाप ओढला गेला होता. सुई आदळली होती. तिकडच्या पावसाने बार सादळला असेल, गोळी उडाली नाही एवढंच.

“काय आहे?” श्रीकांतजी जवळ आले.

मला मोठा पेच पडला. त्या माणसाला मी त्याक्षणी एक गोष्ट सांगू शकत होतो, जिने तो पुन्हा शांत झोपू शकला असता: की त्याच्या हातून, त्याच्या मुलाच्या हातून, नातीच्या हातून नानांना कधीच धोका नव्हता. घोडा उतरलेला होता, ती पट्टी हजार वेळा दाबली असती तरी काही झालं नसतं. पण हे का, ते सांगितल्याशिवाय तो विश्वास ठेवणार नव्हता. आणि का ते सांगायचं, तर त्या जपानी पोराने चाप ओढला होता हे सांगावं लागणार होतं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, खड्डा दाखवून.

त्यांनी गोळी हातात घेतली नाही. कठड्याला धरून उभे राहिले. आधी त्यांचा चेहरा सैल झाला, आणि मग पुन्हा आवळला गेला. “म्हणजे त्याने दया-बिया काही केली नाही,” ते म्हणाले. “नानांनी जन्मभर कुणाला हात जोडले हो?” मग म्हणाले, “आईला नका सांगू.”

आम्ही खाली आलो. माईंनी हात पुढे केला. “द्या मला. एकदा हातात धरू दे.”

नाही म्हणणं जमलं नाही. त्यांनी गोळी तळहातावर घेतली, तिचं वजन पाहिलं. मग चाचपत अंगठा तिच्यावरून फिरवू लागल्या. टोकावरून, मधल्या अंगावरून, बुडापर्यंत. अंगठा बुडाशी थांबला.

“इथे खड्डा आहे,” त्या म्हणाल्या.

श्रीकांतजींनी माझ्याकडे बघितलं. मुजुमदार उठून उभे राहिले होते. त्यांना आतापर्यंत काही माहीत नव्हतं, पण खड्डा म्हटल्यावर त्यांना कळलं. ते पुन्हा खुर्चीत बसले.

“कसला खड्डा आहे, वसंतराव?”

मी खोटं बोलू शकलो असतो. जपानी गोळ्यांना असतो तसा, म्हणालो असतो. पण समोर बाई अशी बसली होती, की खोटं जिभेवर येईना. “चाप ओढल्याचा आहे, माई,” मी म्हटलं. “गोळी उडाली नाही. सादळली होती.”

अंगठा तिथेच होता. माईंनी विचारलं, “मग आवाज झाला असेल? गोळी उडाली नाही तरी?”

“हो. टक् असा होतो.”

“कपाळाला टेकवलेलं असताना ऐकू येईल तो?”

“न यायला काय झालं. कवटीत घुमेल.”

“म्हणजे यांना माहीत होतं,” माई म्हणाल्या.

हे आम्हां तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी इतका वेळ त्या जपान्याचा विचार करत होतो. नाना फसले, असं धरून चाललो होतो. पण झोपडीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, आणि तो टक् ऐकल्यावर, आपल्याला मारायला निघालेल्या त्या पोराला नानांनी पाणी पाजलं होतं आणि पाठीवर घेतलं होतं. आणि मग घरी येऊन सांगितलं होतं, की त्याने मला सोडलं.

गोळी बघून बसला होता त्याहून मोठा धक्का होता हा.

त्यानंतरचं थोडक्यात. गोळीवर परवाना नव्हता, ती मी लेखी कळवून ठाण्यात जमा केली. मुजुमदारांनी पिस्तुल घेतलं नाही. जन्मभर ज्याची वाट बघितली ते, तसं शाबूत, समोर असताना म्हणाले, “ते माझ्या कपाटात शोभणार नाही.” मोघ्यांनीही विचार बदलला. रीतसर परवानगी काढून मी त्या पिस्तुलाची नळी भोकं पाडून बुजवली, सुई काढली, आतून सांधलं, म्हणजे ते कायमचं निकामी झालं आणि घरात ठेवता येईल. इतक्या सुंदर वस्तूला ड्रिल लावताना हात जड झाला होता. ते अजून आठवलं की वाईट वाटतं.

ते परत द्यायला मी गेलो तेव्हा श्रीकांतजी बाजारात गेले होते. माई एकट्याच होत्या. मी पिस्तुल त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या त्यावरून हात फिरवत बसल्या.

“सत्तर वर्षं संसार केला,” त्या म्हणाल्या. “जेवणात मीठ कमी पडलं तरी बोलून दाखवायचे. हे एक कधी बोलले नाहीत.”

मला राहवलं नाही. “का बोलले नसतील, माई?”

“बोलले असते तर घरात सगळ्यांनी त्या पोराला शिव्या घातल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “मीसुद्धा.”